गोंगाटातली चाल
नादवाटा : भाग ७

अलिबाग-मुरूडच्या पट्ट्यातल्या कोळीवाड्यात हळदीच्या रात्री बेंजो पार्टी रंगते. ढोल, ताशा आणि स्पीकरमधून कडाडणारा बेंजो. जवळ उभं राहिलं की चाल ओळखू येते. लांबून मात्र आधी पोचते ती तारांची सलग झणझण. कारण वाद्याच्या बांधणीतच आहे. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये घडवलेल्या जपानी ताइशोगोतोचा हा भाऊबंद. काही तारांवर टाइपरायटरसारख्या कळा दाबून चाल वाजते, उरलेल्या एकाच सुरात घुमत राहतात.

न्यूयॉर्कचा सॉनिक यूथ हा नॉइज रॉक बँड तीस वर्षं अशाच घुमणाऱ्या तारांच्या मागे लागला होता. थर्स्टन मूर, किम गॉर्डन आणि ली रानाल्डो १९८१ मध्ये एकत्र आले, ड्रमर स्टीव्ह शेली १९८५ मध्ये. मूर आणि रानाल्डो ग्लेन ब्रांकाच्या गिटारताफ्यात वाजवून आलेले. गिटारच्या दोन-तीन तारा एकाच सुरात लावायच्या, तारांखाली स्क्रूड्रायव्हर सारायचा, हे त्यांचं रोजचं काम. सूर लावायच्या प्रत्येक तऱ्हेसाठी वेगळी गिटार राखलेली असे. जुलै १९९९ मध्ये कॅलिफोर्नियात वाद्यांचा ट्रकच चोरीला गेला, तेव्हा त्यांच्या गाण्यांचे सूरही त्यासोबत गेले.

त्यांचा १९८८ चा अल्बम 'डेड्रीम नेशन' सुमारे सत्तर मिनिटांचा. त्यातलं 'टीन एज रायट' एकटंच सात मिनिटांच्या घरात जातं. पंचविशी गाठलेल्या याच बँडचा 'रादर रिप्ड' २००६ मध्ये आला आणि ऐकणारे चकित झाले. मध्यंतरी पाचवा म्हणून आलेला जिम ओ'रूर्क बाहेर पडल्यामुळे पुन्हा चौघंच उरले होते. गिटारी स्वच्छ वाजत होत्या. 'रीना' किंवा 'इन्सिनरेट' एकदा ऐकलं की चाल ओठांवर राहते.

असं काय बदललं?

तारा लावायची निराळी रीत त्यांनी सोडली नाही. कमी केली ती डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडणं. दोन सूर एकत्र डिस्टॉर्शनमधून गेले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून नवेच सूर उपजतात. चार-सहा तारांचे मिळून असे इतके सूर होतात की गळ्याला जागाच उरत नाही. डिस्टॉर्शन उतरवली की हे उपरे सूर विरतात आणि मूळ तारांमधलं अंतर मोकळं होतं. त्या मोकळ्या जागेत मूर आणि गॉर्डन गातात.

बेंजोवाला मुखडा धरतो तेव्हा समंजस ताशेवाला काड्या आवरतो, तो याच जागेसाठी. सूर तोच, तारा त्याच. आता त्या गाण्याला वाट देतात.

'रादर रिप्ड'मधलं 'पिंक स्टीम' मुद्दाम ऐकावं. सात मिनिटांच्या या गाण्यात बराच वेळ फक्त गिटारी एकमेकींभोवती फिरतात. मूरचा आवाज येतो तो पार शेवटाकडे, आणि तोवर त्याची चाल तारांनी आधीच सांगून ठेवलेली असते.

(पुढील भागात : ताशाचं पान आणि त्याचा ताण)