कोळसा, खोडरबर आणि एकच कागद

‘भांडवल आलं की सुरू करतो’ म्हणणाऱ्यांसाठी आज जोहान्सबर्गचे विल्यम केंट्रिज. जन्म 1955. आधी राज्यशास्त्र शिकले, मग चित्रकला, मग नट व्हायला पॅरिसला गेले. अभिनय आपलं काम नाही, हे तिथेच कळलं. परत येऊन टीव्ही-सिनेमाच्या सेटवर राबले. तिशीत पुन्हा चित्रांकडे.

1989 मध्ये त्यांनी कोळशाच्या चित्रांची फिल्म केली. ॲनिमेशनला एरवी हजारो चित्रं लागतात. हे एकाच कागदावर थोडं पुसायचे, थोडं काढायचे, कॅमेऱ्यापाशी जाऊन एक-दोन फ्रेम घ्यायचे, की परत कागदाकडे. कोळसा पूर्ण पुसला जात नाही, डाग राहतो. दुसरा म्हणाला असता, माल खराब दिसतोय! पण वर्णभेदाच्या देशात पुसूनही न जाणारा डाग, हीच तर गोष्ट होती. आज त्या डागांवरूनच त्यांचं काम ओळखू येतं. (ब्रँडिंग म्हणतात ते दुसरं काय असतं?)

पुढे कठपुतळ्या झाल्या, ऑपेरा झाले. 2016 मध्ये रोमला टायबर नदीकाठच्या भिंतीवर जवळपास अर्धा किलोमीटर चित्रं केली, तीही रंग न वापरता. भिंतीवरची काजळी पाण्याच्या प्रेशरने धुतली, न धुतलेली राहिली ते चित्र.

त्याच वर्षी जोहान्सबर्गमध्ये त्यांनी कलाकारांसाठी एक केंद्र काढलं. मुख्य आयडिया फसली की बाजूला जी ‘कमी चांगली’ आयडिया सुचते, ती तिथे करून बघतात.