काचवाल्यांचे पाच हंगाम

या मोटरसायकलला ब्रेक नसतो आणि गियर एकच. वळण आलं की मागचं चाक मुद्दाम बाहेरच्या बाजूला घसरू द्यायचं, हँडल उलट वळवायचं आणि डाव्या पायाच्या आधारावर एके काळी कोळशाची राख पसरलेल्या ट्रॅकवरून गाडी काढायची. चार स्वार, चार फेऱ्या. ऑस्ट्रेलियात रुजलेल्या या स्पीडवेने 1928 च्या फेब्रुवारीत लंडनजवळच्या हाय बीचला हजारो माणसं खेचली आणि त्याच वर्षी तो क्रिस्टल पॅलेसच्या बागेतही पोचला.

जोसेफ पॅक्स्टनचा तो काचेचा महाल 1851 च्या प्रदर्शनासाठी हाइड पार्कमध्ये उभा राहिला होता. पुढे 1854 मध्ये तो दक्षिण लंडनमधल्या सिडनहॅमला हलवला गेला. त्याच्या सावलीत राहणाऱ्या संघाने नाव घेतलं 'ग्लेझर्स', म्हणजे तावदानांना काचा बसवणारे कारागीर. मला हे नाव फार आवडतं. सिंह-वाघांच्या नावांच्या गर्दीत इथे कष्टकऱ्यांच्या धंद्याला मान मिळाला.

लीग सुरू झाली 1929 मध्ये. त्याच वर्षी ग्लेझर्सच्या रॉजर फ्रॉग्लीने स्टार चॅम्पियनशिप या वैयक्तिक स्पर्धेचा ब्रिटिश गट जिंकला. मुरलेल्या ऑस्ट्रेलियन स्वारांपुढे घरच्या पोरांचा निभाव लागायचा नाही, म्हणून परदेशी स्वारांचा गट वेगळा ठेवला होता. पुढे कोव्हेन्ट्रीचा टॉम फार्नडन संघात आला आणि 1933 मध्ये त्याने हीच स्पर्धा जिंकली. तेव्हा असे वेगळे गट राहिले नव्हते.

पण या संघाचं सर्वांत मोठं देणं दोन खांबांमध्ये ताणलेल्या फितींचं आहे. पूर्वी चौघांनी सावकाश गाडी चालवत एका ओळीत यायचं आणि रेषेपाशी वेग घ्यायचा. एखादा अधीर स्वार पुढे घुसला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. प्रेक्षक कंटाळत, स्वार चिडत. संघ चालवणारे फ्रेड मॉकफर्ड आणि स्वार हॅरी शेफर्ड यांनी 1933 मध्ये यावर तोड काढली. स्वारांनी फितींपुढे थांबायचं, क्लच दाबून इंजिन तापवत ठेवायचं; फिती झपकन वर गेल्या की सुटायचं. सगळ्यांना सारखी संधी, आणि त्या दोन-तीन सेकंदांत सगळं मैदान श्वास रोखून बसलेलं. आजही स्पीडवेची शर्यत अशीच सुटते.

त्या हंगामानंतर मॉकफर्ड संघ घेऊन ओल्ड केंट रोडजवळच्या न्यू क्रॉसला गेले आणि ग्लेझर्स हे नाव मागे राहिलं. तिथला ट्रॅक अवघा 262 यार्डांचा. लोक त्याला तळणीचा तवा म्हणत. ऑगस्ट 1935 मध्ये तिथेच एका शर्यतीत रॉन जॉन्सन पडला आणि मागून येणारा फार्नडन त्याच्या गाडीवर आदळला. दोघंही पॅलेसपासूनचे सोबती. जॉन्सन वाचला. फार्नडन दोन दिवसांनी गेला, पंचविसावं वर्षही पुरं न करता.