ऐतिहासिक साधनांचीं छायाचित्रें व संस्कार-प्रणालीची निवड

धाराशिव जिल्हा इतिहाससाधनांनीं संपन्न आहे. तेर म्हणजे 'पेरिप्लस'कारानें उल्लेखिलेलें तगर. नळदुर्गास बोरी नदीच्या बंधाऱ्यांत दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींतला पाणीमहाल उभा आहे. परंड्याचा किल्ला व तुळजापूरचें क्षेत्र सर्वश्रुतच आहे. पूर्वीचे संशोधक शिलालेखांचे शाईचे ठसे घेत व कागदांच्या हातानें नकला करीत. आतां तें काम बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यानें होतें. परंतु घेतलेल्या चित्रावर संस्कार करण्यास कोणतें सॉफ्टवेअर घ्यावें व हातचें केव्हां बदलावें, याचा विचार संग्राहकांत फारसा झालेला नाहीं. दप्तराचा मालक एकदां कागद दाखवितो. पुन्हां दाखवीलच असें नाहीं. म्हणून हा विचार अगत्याचा आहे.

(१) मूळ प्रत व शोधित प्रत. पोथीचा संपादक मूळ पाठ खोडून त्यावर आपली दुरुस्ती लिहीत नाहीं. पाठ राखून दुरुस्ती निराळी देतो. चित्रासही हाच न्याय लागू आहे. कॅमेऱ्याची 'रॉ' फाइल ही मूळ प्रत होय. चौदा बिटांच्या रॉ फाइलींत प्रत्येक रंगाच्या १६,३८४ छटा मावतात. नेहमींच्या जेपेगमध्यें केवळ २५६. फिकट शाई उठवून पाहतांना हा फरक निर्णायक ठरतो. लाइटरूम, डार्कटेबल, रॉथेरपी या प्रणाली मूळ फाइलीस हात न लावतां केलेल्या संस्कारांची नोंद निराळी ठेवतात. निवडींत पहिली कसोटी हीच असावी.

(२) प्रणालीचें आयुष्य. ॲपल कंपनीनें २००५ सालीं काढलेली ॲपर्चर ही प्रणाली पुढें चालविणार नसल्याचें २०१४ सालीं जाहीर झालें; २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनावर ती चालेनाशी झाली. फोटोशॉपची एकदांच किंमत देऊन कायमची घेतां येणारी शेवटची मुख्य आवृत्ति २०१२ ची सीएस६. २०१३ पासून ॲडोबीनें वर्गणीची पद्धत आणली. यावरून प्रणाली अल्पायुषी व कागद दीर्घायुषी, हें उघड आहे. जो संस्कार एकाच प्रणालीला वाचतां येतो, तो तिच्याबरोबर नाहींसा होण्याचा संभव असतो.

(३) विनामूल्य साधनें. डार्कटेबल, रॉथेरपी व गिम्प यांस मूल्य पडत नाहीं. गिम्पची जुनी उणीव ती आठ बिटांपलीकडे जात नसे ही होती. २०१८ च्या २.१० आवृत्तींत ती दूर झाली. पोथींतील गेरूची पुसट अक्षरें वाचण्यास जॉन हार्मन यांचें, मुळांत शैलचित्रांसाठीं केलेलें, डीस्ट्रेच हें साधन उपयुक्त आहे. मात्र त्यानें येणारे रंग खोटे असतात. तें चित्र वाचनासाठीं, पुराव्यासाठीं नव्हे.

(४) सावधगिरी. कृत्रिम बुद्धीनें 'दाणा' काढणारीं व अस्पष्ट भाग भरणारीं साधनें नव्या आवृत्त्यांत मुख्य आकर्षण म्हणून मिरविलीं जातात. मोडी अंकाची एखादी बारीक रेघ दाणा समजून पुसली गेली, किंवा नसलेली उमटली, तर सनावळीच बदलते. अशा साधनांनीं केलेलें चित्र लेखाचा आधार म्हणून देऊं नये.

(५) नवीकरण. पुष्कळदां नवी आवृत्ति घ्यावी लागते ती केवळ नव्या कॅमेऱ्याची रॉ फाइल जुन्या प्रणालीस ओळखतां येत नाहीं म्हणून. तेथें ॲडोबीच्या विनामूल्य डीएनजी रूपांतरकानें काम बहुधा भागतें, खर्च वांचतो. तरीही बदल करणें झाल्यास आधीं चित्रसूचीची निराळी प्रत करावी. कारण नव्या आवृत्तीनें रूपांतरित केलेली सूची जुनीस वाचतां येईलच असें नाहीं. मग दहा-पांच कठीण चित्रें, एक जळकें पान, एक झिजलेला शिलालेख, दोन्ही आवृत्त्यांत उघडून ताडून पाहावीं. हातचें काम अर्ध्यावर असतां बदल करूं नये.

सारांश, प्रत्येक साधनाची रॉ फाइल, सोळा बिटांची टिफ प्रत व साध्या अक्षरांत लिहिलेली नोंद (स्थळ, दिनांक, केलेले संस्कार) अशीं तीन अंगें दोन ठिकाणीं राखावीं. इतकें झालें म्हणजे प्रणाली कोणतीही असो व केव्हांही बदलो, पुढील संशोधकास आपलें वाचन मूळ चित्रावर पडताळून पाहतां येईल.