वेबर्नचा मतदारसंघ

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातील, गव्हाच्या अफाट शिवारांनी वेढलेल्या वेबर्न मतदारसंघाने १९४४ साली टॉमी डग्लस या बाप्टिस्ट धर्मोपदेशकास विधिमंडळात पाठविले, आणि मंदी व अवर्षणाने गांजलेल्या रयतेचा कैवार घेणाऱ्या त्यांच्या पक्षाने ५२ पैकी ४७ जागा जिंकून उत्तर अमेरिकेतील पहिले समाजवादी सरकार स्थापिले. सतरा वर्षे मुख्यमंत्री म्हणून प्रांताचा कारभार हाकणाऱ्या डग्लस यांची श्रेष्ठ कामगिरी, माझ्या मते, १९४७ ची सार्वत्रिक रुग्णालय-विमा योजना होय; रुग्णालयाच्या खर्चाच्या धास्तीतून तिने सामान्य कुटुंबास सोडविले. १९६१ मध्ये नव्या राष्ट्रीय पक्षाच्या नेतृत्वासाठी त्यांनी प्रांताचे राजकारण सोडले, तेव्हा वैद्यकीय विम्याचा वाद ऐन भरात असताना झालेल्या पोटनिवडणुकीत हीच जागा लिबरल पक्षाने हस्तगत केली.