पालकांनीं पालक कसा शिजवावा ?

प्रार्थनेच्या वेळीं एखादी मुलगी भोवळ येऊन खालीं बसते, आणि मागाहून तिच्या मातोश्री सांगतात, "गुरुजी, हिला आम्ही रोज पालक खाऊं घालतों !" माउलीचा हेतु उत्तम, परंतु भाजींत लोह असणें निराळें व तें रक्तांत उतरणें निराळें.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत भारतांतील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकीं शेंकडा ५९ जणींस रक्तक्षय आढळला. हा प्रश्न एका घरचा नव्हे.

शंभर ग्रॅम पालकांत अडीच-तीन मिलिग्रॅम लोह असतें खरें; पण वनस्पतिजन्य लोह शरीर थोडेंच शोषून घेतें. भाजीवर लिंबू पिळलें असतां हें शोषण वाढतें, जेवणाबरोबर चहा घेतला असतां घटतें. आमचें धर्माबाद तेलंगणाच्या सीमेवर. तिकडील रीतीनें तुरीच्या डाळींत पालक शिजवून वर लसूण व लाल मिरचीची फोडणी देतात. (मिरची आमच्याच पेठेची, हें सांगणें नकोच !) या फोडणींतील तेल केवळ चवीसाठीं नव्हे, पालकांतील ज्या पिवळसर द्रव्यापासून 'अ' जीवनसत्त्व बनतें, तें स्निग्ध पदार्थाबरोबरच नीट पचतें.

पालकांत ऑक्झॅलिक आम्ल पुष्कळ असतें. तें कॅल्शियमला जखडून ठेवतें. म्हणूनच दुधांतील कॅल्शियम शेंकडा सत्तावीसच्या आसपास शोषलें जातें, तर पालकांतील अवघें पांच. दुधाऐवजीं पालक, हा हिशेब अगदींच चुकीचा. हेंच आम्ल मुतखड्यास कारण होऊं शकतें. ज्यांस तो विकार आहे त्यांनीं पालक क्वचितच, व तोहि भरपूर पाण्यांत उकळून, पाणी टाकून खावा. निरोग्यांनीं मात्र पाणी फेकूं नये. त्याबरोबर फोलिक आम्ल व 'क' जीवनसत्त्वहि जातें. रक्त पातळ ठेवण्याचें वारफरिन औषध घेणाऱ्या आजोबांनीं पालकाचें प्रमाण एकाएकीं वाढवूं अथवा घटवूं नये; त्यांतील 'के' जीवनसत्त्व औषधास विरोध करतें.

पानें तीन-चार पाण्यांत धुवावीं. उरलेली भाजी उन्हाळ्यांत दिवसभर बाहेर ठेवूं नये. जंतूंमुळें तींतील नायट्रेटचें नायट्राइट होतें व तें तान्ह्या बालकांस फार बाधक असतें.

त्या माउलीस मीं एवढेंच सांगितलें : पालक चालूं द्या, लिंबू द्या, चहा मागाहून द्या, शाळेंतील निळी गोळी चुकवूं नका, पण आधीं मुलीचें रक्त तपासून घ्या.