पंपाने संप पुकारला तर

ऑगस्ट २००५च्या अखेरीस कतरिना वादळ न्यू ऑर्लिन्सवर आदळलं. तिथल्या ‘ऑड्युबॉन ॲक्वेरियम ऑफ द अमेरिकाज’ या मोठ्या मत्स्यालयाची इमारत वादळातून फारशी पडझड न होता उभी राहिली. मासे मेले ते नंतर, पर्यायी जनरेटर बंद पडला आणि पाणी खेळवणारी, त्यात हवा मिसळणारी यंत्रं थांबली तेव्हा. बहुतेक सगळे मासे गेले. प्रवाळांची मोठी टाकी घरात किंवा संस्थेत उभारणाऱ्यांनी सुरुवात या गोष्टीपासून करावी. अशा टाकीचा आराखडा सहसा ‘पंप किती ताकदीचा घ्यावा’ या प्रश्नावर बेतला जातो. तो प्रश्न दुय्यम आहे. पंप थांबल्यावर पाणी कुठे जाईल आणि जीव कशावर तगतील, हे आधी ठरवलं तर पंपाचा आकार बराचसा आपोआप ठरतो.

संप म्हटल्यावर आपल्याला एक तर गिरणगाव आठवतं किंवा सोसायटीच्या आवारातली जमिनीखालची टाकी. इथला संप दुसऱ्या प्रकारचा. प्रवाळाच्या टाकीखाली, कपाटात दडवलेली ही दुसरी टाकी. वरच्या टाकीच्या कडेला एक दातेरी बांध असतो. त्यावरून सांडलेलं पाणी पाइपाने संपात उतरतं, तिथे स्किमर त्यातली प्रथिनं आणि घाण फेसाबरोबर काढतो, हीटर ते २५-२६ अंशांवर ठेवतो आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते पुन्हा वर चढवतो. सोसायटीतल्या पाण्याशी तुलना इथेच संपते. गच्चीवरच्या टाकीचं पाणी मोटर बंद केल्यावर उलटं खाली येत नाही. इथे मात्र ते येतं.

किती येतं, हा निव्वळ अंकगणिताचा भाग आहे. समजा, टाकी २०० सेंटिमीटर लांब, ८० रुंद आणि ६५ उंच आहे, म्हणजे साधारण हजार लिटरची. तिच्या पाण्याची पातळी एक सेंटिमीटर उतरली की १६ लिटर पाणी खाली जातं. वीज गेली की बांधावरचं पाणी ओसरतं, आणि पंपाच्या पाइपातून सायफन सुरू होतो. कॅनमधलं रॉकेल नळीने काढताना व्हायचं तेच. वर चढवणाऱ्या पाइपाचं तोंड उघडं पडून हवा शिरेपर्यंत टाकी रिकामी होत राहते. हे तोंड पृष्ठभागालगत ठेवलं, तर पातळी तीनेक सेंटिमीटर उतरते. त्याचे ४८ लिटर, बांधामागच्या पेटीतले पंचवीसेक आणि पाइपांमधले पाच धरून ८० लिटरच्या आत हिशेब मिटतो. तेच तोंड ‘दिसायला नको’ म्हणून १५ सेंटिमीटर खोल नेलं, तर एकूण २७० लिटर खाली येतात. संप १२० बाय ६० बाय ४५ सेंटिमीटरचा असेल आणि त्यात रोज २२ सेंटिमीटर पाणी असेल, तर वरची मोकळी जागा १६५ लिटरची. उरलेलं शंभर लिटरहून जास्त खारं पाणी फरशीवर. फ्लॅट वरच्या मजल्यावर असेल, तर खालच्यांच्या छतातही.

यावर अनुभवी प्लंबर लगेच उपाय सांगेल, ‘एनआरव्ही टाका.’ पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा हा व्हॉल्व्ह गोड्या पाण्यात वर्षानुवर्षं चालतो. पण प्रवाळाच्या टाकीतलं पाणी मुद्दाम कॅल्शियमने समृद्ध ठेवलेलं असतं, आणि ज्या चुन्यावर प्रवाळ वाढतं, तोच व्हॉल्व्हच्या झडपेवरही बसतो. एखादी गोगलगाय अडकली तरी झडप पूर्ण मिटत नाही. पाइपाला छोटं भोक पाडून सायफन तोडायची युक्तीही अशीच शेवाळाने बुजते. दोन्ही जरूर वापरा, पण हिशेब मात्र ती नाहीतच असं समजून करा. पाइपाच्या तोंडाची उंची गंजत नाही आणि अडकतही नाही.

उलट बाजूचं संकटही तितकंच खरं आहे. पंप चालू आहे आणि खाली येणारा पाइप तुंबला आहे. म्हणून जाणकार तीन पाइप ठेवतात. पहिला पूर्ण भरून, सायफनने, आवाज न करता वाहतो आणि गेट व्हॉल्व्हने नेमका जुळवलेला असतो. दुसऱ्यातून उरलंसुरलं पाणी ओघळतं. तिसरा एरवी कोरडाच, अडचणीसाठी राखलेला. तरीही तिन्ही तुंबले, तर? तेव्हा वरची टाकी भरून वाहण्याआधी पंपाचं पाणी संपलं पाहिजे. आपल्या टाकीत पातळीपासून काठापर्यंत ४ सेंटिमीटर मोकळे असतील, तर ६४ लिटर मावतील. पंपाच्या कप्प्यात उपसण्याजोगं पाणी ३३ लिटर ठेवलं, तर निभावलं. फक्त एक फसगत लक्षात ठेवायची. बाष्पीभवनाची भरपाई करणारं स्वयंचलित उपकरण याच कप्प्याची पातळी बघतं. पाणी घटलं की ते इमानदारीने साठवणीतलं गोडं पाणी ओतत राहणार आणि पंप तेही वर चढवणार. म्हणून ती साठवण २५ लिटरची असावी. ३३ आणि २५ मिळून ५८, अजूनही काठाच्या आत. अशा टाकीतून रोज आठ-दहा लिटर पाणी उडू शकतं, त्यामुळे शंभर लिटरचा ड्रम जोडून निर्धास्त व्हायचा मोह होणारच. दोन-तीन दिवसांनी कॅन भरण्याचा कंटाळा हीच इथली सुरक्षितता आहे.

आता प्रवाहाकडे. संपातून जितकं जास्त पाणी फिरेल तितकं ते स्वच्छ, अशी समजूत पूर्वी होती आणि ताशी टाकीच्या दहापट पाणी फिरवलं जाई. पण स्किमर त्याचा स्वतःचा पंप ओढेल तेवढंच पाणी गाळतो. बाकीचं नुसतं खळखळाट आणि बुडबुडे घेऊन शेजारून निघून जातं. पृष्ठभागावरचा तेलकट थर ओढण्याइतका आणि उष्णता पोहोचवण्याइतका, म्हणजे ताशी तीन ते पाचपट प्रवाह संपातून पुरतो. प्रवाळाची भूक मात्र त्याहून कितीतरी मोठी असते. त्याच्या अंगालगत पाण्याचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर असतो. प्राणवायू आणि इतर द्रव्यं त्यातून झिरपूनच ये-जा करतात. पाणी जोरात, दिशा बदलत वाहिलं की हा थर आणखी पातळ होतो. त्यासाठी ताशी वीस ते चाळीसपट हालचाल लागते. ती संपाच्या पंपाकडून करून घेणं म्हणजे घागरीने पाणी दीड-दोन मीटर वर नेऊन पंख्याचं काम करून घेणं. टाकीच्या आत बसवलेला वीस-पंचवीस वॅटचा प्रवाहपंखा पाणी उचलत नाही, नुसतं ढकलतो, म्हणून तो ताशी दहा हजार लिटरच्या आसपास पाणी सहज हलवतो.

संपच नको, असंही कोणी म्हणेल, आणि त्याला इतिहासाचा आधार आहे. इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी १९६०च्या सुमारास जिवंत खडक, समुद्राचं पाणी आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावरच प्रवाळ जगवलं होतं. लहान टाकीत ते आजही जमेल. हजार लिटरच्या टाकीत उपकरणांची गर्दी आणि उडणारं पाणी बघता संप टाळणं हट्टाचं होईल. (आपल्याकडे दगडी प्रवाळ २००१पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मालवणच्या समुद्रातून त्याचा तुकडाही उचलता येत नाही, ते तिथेच जाऊन बघायचं.)

संपातून पाणी फिरवणं आणि टाकीत ते हलवणं ही दोन कामं वेगळी केल्याचा खरा फायदा अंधारात कळतो. २६ अंशांच्या समुद्रपाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसहा मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, आणि रात्री मासे, प्रवाळं, जिवाणू सगळेच तो वापरतात, तयार कोणी करत नाही. बारा व्होल्टच्या १५० अँपियर-तास बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास वीज असते. निम्मी वापरायची ठरवली, तर शंभर वॅटचा पंप तिच्यावर नऊ तास चालेल, आणि वीस वॅटचा पंखा, थोडी गळती धरूनही, दीड दिवसाच्या आसपास. पंखा पृष्ठभाग ढवळत राहिला की हवेतला प्राणवायू पाण्यात उतरत राहतो. म्हणून बॅटरीला जोडायचा तो पंखाच, आणि तोही जनरेटर असला तरी, कारण न्यू ऑर्लिन्समध्ये जनरेटरही होताच.

हा सगळा हिशेब मासे आणण्याआधी साध्या पाण्यावर तपासता येतो. पंप बंद ठेवून वरची टाकी पाइपाच्या तोंडापर्यंत आणि संप काठाच्या दोन बोटं खाली भरायचा. मग पंप सुरू करायचा. पाइप आणि बांधामागची पेटी भरून पाणी स्थिरावलं की संपात ते जिथे थांबेल तिथे काचेवर मार्करने रेघ ओढायची, आणि पुढे कधीही, पाणी बदलताना घाई असली तरी, त्या रेघेच्या वर भरायचं नाही.