वाटीभर मेथ्यांचा हिशेब

बेळगावची रविवार पेठ असो की निपाणीतल्या घराचा सोपा, शुगरचा विषय निघाला की सल्ला ठरलेला: रात्री चमचाभर मेथ्या भिजत घाला, सकाळी रिकाम्या पोटी पाणी प्या, गोळी आपोआप सुटेल. मेथीचा उपयोग होतो, हे खरं. गोळी सुटण्याचं मात्र कुणी दाखवलेलं नाही.

मेथीवर आपल्याकडेच काम झालंय. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत आर. डी. शर्मा आणि सहकाऱ्यांनी टाइप १ मधुमेहाच्या रुग्णांना दहा दिवस जेवणातून मेथीपूड दिली. उपाशीपोटीची साखर उतरली, लघवीवाटे जाणारी साखर ५४ टक्क्यांनी घटली. हा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. पूड किती होती, हे कुणी विचारत नाही. तेल काढलेली, रोज १०० ग्रॅम, दोन जेवणांत विभागून! आपल्या चहाच्या चमच्यात जेमतेम चार-पाच ग्रॅम मेथ्या मावतात. पुढे कमी मात्रेतही फायदा दिसला, पण ते अभ्यास बहुतेक छोटे आणि थोड्या दिवसांचे.

नुसतं पाणी पिऊन दाणे फेकणारे तर खरा माल फेकतात. दाण्याचा जवळजवळ निम्मा भाग चोथा असतो. त्यातला गॅलॅक्टोमॅनन पाण्यात फुगून बुळबुळीत होतो आणि आतड्यात साखर शोषली जाण्याचा वेग कमी करतो. म्हणून भिजलेल्या मेथ्या चावून खाव्यात, आणि शक्यतो जेवणासोबत. भाकरीच्या पिठात पूड मिसळली तरी चालते. पहाटे उपाशीपोटी घेतलेली मेथी दुपारच्या भाताला अडवायला थांबत नाही.

‘मेथी नैसर्गिक, गोळी केमिकल’ हेही रोजचं वाक्य. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन या गोळीची कल्पनाच मुळी गॅलेगा या वनस्पतीवरून सुचली, आणि गॅलेगा मेथीच्याच, म्हणजे शेंगावर्गीय, कुळातली. पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी १९५७ साली मेटफॉर्मिनचे रुग्णांवरचे अनुभव प्रसिद्ध केले. फरक एवढाच की गोळीतली मात्रा मोजलेली असते. डॉक्टर घरगुती औषधांना तुच्छ मानतात, असंही नाही. पारंपरिक औषधांवर संशोधन करणारी आयसीएमआरची संस्था २००६ पासून बेळगावातच आहे.

नैसर्गिक म्हणून निर्धोक, असंही नाही. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्शुलिन चालू असताना मेथी भरपूर घेतली तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते: घाम, थरथर, चक्कर. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचं. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांनीही जपून. मेथीसारखीच दालचिनीही सुचवली जाते, पण तिचा पुरावा मेथीहून कच्चा. बाजारातल्या जाड सालीच्या कॅसिया दालचिनीत कुमारिन असतं, ते जास्त झालं तर यकृताला त्रास देतं.

आणि गूळ घालून केलेले मेथीचे लाडू? गूळ म्हणजे बहुतांशी साखरच. बेळगावचा गोड कुंदा नको म्हणणारी माणसं हे लाडू मात्र औषध म्हणून दोन-दोन खातात.

निपाणी तंबाखूची पेठ, म्हणून एक जास्तीचं. धूम्रपान करणाऱ्यांना टाइप २ मधुमेह होण्याचा धोका न करणाऱ्यांपेक्षा ३० ते ४० टक्के जास्त असतो, आणि निकोटिनमुळे शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही. सकाळी मेथ्या चावून लगेच विडी पेटवणाऱ्याची साखर त्या मेथ्यांच्या भरवशावर राहत नाही.